वेढा पडलेला असताना वावर विकत घेणारा माणूस

विदर्भातल्या खेड्यांमध्ये ख्रिस्ती घरं थोडी. पण त्यातल्या बऱ्याच घरांत भिंतीवर बायबलमधलं एक वचन टांगलेलं दिसतं, यिर्मयाच्या पुस्तकातलं 29:11. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, तुम्हाला आशा मिळावी असेच ते आहेत, असं देव त्यात म्हणतो. त्याच भिंतीवर खिळ्याला कृषी केंद्राच्या उधारीची चिठ्ठी अडकवलेली असते आणि सोसायटीची थकबाकीची नोटीसही असते. सोयाबीन पिवळ्या मोझॅकनं गेलेलं, कपाशीच्या बोंडात गुलाबी अळी, डिसेंबरच्या धुवारीनं तुरीचा फुलोरा गळालेला. मग घरातलं कोणीतरी विचारतंच, हे वचन आमच्यासाठी आहे की नाही?

याला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, "विश्वास ठेवा, सगळं नीट होईल." सांगणाऱ्याचं मन चांगलंच असतं. पण ऐकणारा त्यातून एवढंच घरी नेतो की नीट झालं नाही तर आपलाच विश्वास कमी पडला. पीक गेलेल्या माणसाच्या डोक्यावर हे दुसरं ओझं. पवित्र शास्त्र असं शिकवत नाही. ते काय शिकवतं हे सोप्या शब्दांत मांडावं म्हणून हे लिहितो आहे, आणि सुरुवात त्या भिंतीवरच्या वचनापासूनच करू.

ते वाक्य एका पत्रातलं आहे. इ.स.पू. 597 मध्ये बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर यानं यहूद्यांची राजधानी यरुशलेम इथल्या राजाला, सरदारांना आणि कारागिरांना धरून बाबेलला नेलं. मागं राहिलेल्यांत हनन्या नावाचा एक संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप म्हणून लोकांना सांगणारा, होता. दोन वर्षांत सगळे परत येतील, असं तो मंदिरात लोकांसमोर सांगत होता. लोकांना हेच ऐकायचं होतं. यिर्मया संदेष्ट्यानंही त्याला आधी "आमेन, परमेश्वर तसंच करो" असं म्हटलं. हा तपशील माझ्या मनातून जात नाही. ज्याच्यावर कडू संदेश सांगायची पाळी आली होती, त्यालाही गोड संदेशच खरा ठरावा असं वाटत होतं. पण देवानं तसं सांगितलं नव्हतं. बाबेलला गेलेल्या लोकांना यिर्मयानं जे पत्र पाठवलं, त्यात 70 वर्षांचा काळ लिहिला होता.

70 वर्षं म्हणजे पत्र वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांचे डोळे बाबेलमध्येच मिटणार होते. म्हणून पत्रात आधी सांगितलं आहे की घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा, मुलामुलींची लग्नं लावा आणि ज्या परक्या शहरात राहता त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. हे सगळं सांगून झाल्यावर हिताच्या संकल्पांचं वाक्य येतं. भिंतीवर आपण फक्त ते वाक्य लावलं, आधीचं पत्र वाचलंच नाही. ते वचन भिंतीवरून काढून टाका असं मी म्हणत नाही. असू द्या, पण अख्खा अध्याय एकदा घरात सगळ्यांनी बसून वाचा.

म्हणजे अभिवचनावर विसंबण्याआधी ते नीट वाचावं लागतं. देव कोणाशी बोलतो आहे, नेमकं काय देतो म्हणतो आहे आणि केव्हा, हे त्यातच लिहिलेलं असतं. काही वचनं एका माणसासाठी होती. हिज्कीया राजा मरणाला टेकला असताना देवानं त्याचं आयुष्य 15 वर्षांनी वाढवलं. ते हिज्कीयासाठी होतं. प्रत्येक आजाऱ्याला 15 वर्षं वाढवून मिळतील असा त्याचा अर्थ नाही. काही वचनं प्रत्येक विश्वासणाऱ्यासाठी आहेत. पापांची क्षमा, मरणानंतर पुनरुत्थान, आणि मी तुला कधी सोडणार नाही, टाकणार नाही हा शब्द. कापसाला भाव मिळेल, कर्ज माफ होईल, प्रत्येक दुखणं बरं होईल, असं मात्र सरसकट सगळ्यांना कुठंही सांगितलेलं नाही. उलट येशूचा प्रेषित पौल यानं रोमच्या मंडळीला (चर्चला) लिहिताना ख्रिस्ताच्या प्रेमापासून आपल्याला काय वेगळं करू शकत नाही याची यादी दिली, तेव्हा त्यात दुष्काळाचं आणि अंगावर वस्त्र नसण्याचं नाव घेतलं. या गोष्टी विश्वासणाऱ्यांवर येणार हे त्यानं धरूनच चालवलं आहे.

पावसाचं वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे सगळं पावसावर. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 28व्या अध्यायात आज्ञा पाळल्यास वेळेवर पाऊस असं वचन आहे. ते इस्राएल राष्ट्राशी केलेल्या करारातलं आहे. ते उचलून एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याला, "तुझ्याकडे पाऊस पडला नाही म्हणजे तुझ्या घरात पाप आहे," असं सांगणं चुकीचं आहे, आणि ते क्रूर आहे. येशूनं स्पष्ट सांगितलं आहे की देव नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो. धुऱ्याच्या अलीकडे पडला आणि पलीकडे नाही पडला, तरी त्यावरून कोणाच्या विश्वासाचा हिशेब मांडता येत नाही. पेरणी आणि कापणी पृथ्वी आहे तोवर थांबणार नाही, हे वचन नोहाच्या काळी, महापुरानंतर, साऱ्या पृथ्वीला दिलं गेलं आणि ते आजही टिकून आहे. एका गट नंबरापुरतं ते नव्हतं.

आता वावराच्या गोष्टीकडे येतो. अशक्य परिस्थितीत विश्वास कसा दिसतो हे मला याहून स्पष्ट कुठंच सापडलं नाही. यिर्मयाचा 32वा अध्याय.

साल इ.स.पू. 587च्या सुमाराचं. बाबेलच्या फौजेनं यरुशलेमला वेढा घातला आहे. तटाला भिडवून चढाईसाठी मातीचे मोर्चे उभारले आहेत. शहरात दुष्काळ आणि रोगराई. यिर्मया राजवाड्याच्या पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, कारण शहर पडणार हे तो उघडपणे सांगतो आहे. भाकरवाल्यांच्या गल्लीतून त्याला रोज एक भाकर मिळते, शहरातली भाकर संपेपर्यंत मिळत राहावी असा राजाचा हुकूम आहे.

अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल त्याला भेटायला येतो आणि म्हणतो, अनाथोथचं माझं शेत तू विकत घे, जवळचा नातलग म्हणून ते सोडवून घ्यायचा हक्क तुझा आहे. अनाथोथ हे यिर्मयाचं जन्मगाव, यरुशलेमपासून चार-पाच किलोमीटरवर. गाव त्या वेळी वेढ्याच्या बाहेर, शत्रूच्या ताब्यातल्या मुलखात. शेत पाहायलाही जाता येत नाही. शिवाय याच अनाथोथच्या लोकांनी पूर्वी यिर्मयाचा जीव घ्यायचा कट केला होता. भाऊबंदकी आपल्याला काही नवी नाही, त्यामुळे हा व्यवहार किती कठीण असेल ते वेगळं समजावून सांगायला नको.

यिर्मया शेत घेतो. किंमत 17 शेकेल चांदी. शेकेल साधारण 11 ग्रॅमचा धरला तर 190 ग्रॅमच्या आसपास. वेढ्यात अडकलेल्या शहरात चांदी म्हणजे भाकर, आणि ती भाकर तो शेतात घालतो. पुढं शास्त्र ज्या बारकाईनं लिहितं ते वाचताना आपल्याकडचं दुय्यम निबंधकाचं कार्यालय डोळ्यांसमोर येतं. तो दस्त लिहितो, त्यावर शिक्का मारतो, साक्षीदार बोलावून त्यांच्या सह्या घेतो, तराजूत चांदी तोलून देतो. दस्ताच्या दोन प्रती आहेत, एक मोहरबंद आणि एक उघडी. दोन्ही तो सगळ्यांदेखत आपला लेखनिक, नेरीयाचा मुलगा बारूख याच्या हाती देतो आणि सांगतो की या मातीच्या भांड्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकल्या पाहिजेत. मातीच्या भांड्यात कागदपत्र खरंच टिकतात. मृत समुद्राजवळच्या गुहांत 1947 पासून सापडत गेलेल्या प्राचीन गुंडाळ्यांपैकी काही अशाच भांड्यांत सुमारे 2000 वर्षं राहिल्या होत्या.

हे सगळं कशासाठी? देवानं सांगितलं होतं की या देशात घरं, शेतं आणि द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील. यिर्मयानं त्या शब्दावर स्वतःचे पैसे लावले.

आणि आता जे घडतं ते आपण सहसा वाचतच नाही. खरेदी झाल्यावर यिर्मया प्रार्थनेला बसतो. सुरुवात सुंदर आहे: तू आकाश आणि पृथ्वी निर्माण केलीस, तुला अशक्य असं काही नाही. मग तो देवाला खिडकीबाहेरचं दाखवतो. हे मोर्चे बघ. शहर शत्रूच्या हाती चाललं आहे. तू सांगितलंस तसंच घडतं आहे, तुला दिसतंच आहे. आणि तरी तू मला म्हणालास, चांदी देऊन शेत घे, साक्षीदार घे! प्रार्थना तिथंच थांबते. शेवटी धन्यवाद नाही, समाधान नाही. गोंधळलेल्या माणसाचं वाक्य आहे ते.

देव त्याला रागावत नाही. मी सर्व देहधाऱ्यांचा देव आहे, मला अवघड असं काही आहे काय, असं तो विचारतो आणि मग सविस्तर उत्तर देतो. उत्तराचा पहिला भाग कठोर आहे: होय, शहर पडेल, जळेल. दुसरा भाग आशेचा आहे: मी त्यांना परत आणीन, आणि लोक पुन्हा दस्त लिहितील, मोहर लावतील, साक्षीदार घेतील. अशक्य वाटणारं वचन पाळणारा देव वेढा नाकारत नाही. त्याच्या उत्तरात वेढा आहे आणि वेढ्यानंतरचंही आहे.

म्हणून विश्वास म्हणजे परिस्थितीकडे डोळे मिटून घेणं, ही समजूत काढून टाकावी लागते. इस्राएल लोकांचा मूळपुरुष अब्राहाम, त्याचंही तेच. वय जवळपास 100, सारा 90 वर्षांची, आणि मुलाचं वचन. पौल लिहितो की आपलं शरीर निर्जीव झालं आहे हे त्यानं लक्षात घेतलं आणि तरीही तो विश्वासात दुर्बळ झाला नाही. या अब्राहामाला अख्खा कनान देश द्यायचं वचन होतं. प्रत्यक्षात त्यानं तिथं विकत घेतलेली जमीन कोणती? सारेच्या दफनासाठी मक्पेलाची गुहा आणि तिचं शेत, एफ्रोन हित्ती याला 400 शेकेल मोजून. देश मिळणार होता तिथं आधी कबरीची जागा घ्यावी लागली. इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रात म्हटलं आहे की असे पुष्कळ जण वचनफळ न मिळताच विश्वासात मेले, त्यांनी ते दुरूनच पाहिलं. त्यांना तिथं कमी विश्वासाचे म्हटलेलं नाही. त्यांची नावं सन्मानानं घेतली आहेत.

यिर्मयाही स्वतः त्या शेतात कधी उभा राहिल्याची नोंद नाही. शहर पडल्यावर लोकांनी त्याला मिसर देशात (इजिप्तमध्ये) नेलं. पण पुढं पारसाचा (पर्शियाचा) राजा कोरेश यानं बाबेल जिंकलं आणि यहूद्यांना परत जायची मोकळीक दिली. परतलेल्यांची गावनिहाय यादी एज्राच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. बरेच लोक ती कंटाळवाणी म्हणून सोडून देतात. तिच्या 23व्या वचनात एवढंच आहे: अनाथोथचे लोक, 128.

एका घरगुती प्रार्थनेत मी हा अध्याय शिकवत होतो. बसलेल्या बायकांत एक वयस्क मावशी होत्या. कोरडवाहू वावर, एक मुलगा पुण्याला कामाला. त्या मध्येच म्हणाल्या, "भाऊ, त्याले देव सोता बोलला होता. आमाले कोन सांगते? यंदा पेरू का नोको पेरू?" मी म्हटलं, "मावशी, पेरा किंवा पेरू नका असं वचन माझ्याकडे नाही." त्या हसल्या नाहीत. "मंग काय हाय?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पीक आलं तरी आणि गेलं तरी तुम्हाला टाकणार नाही, हे आहे. बियाण्याचं तुम्ही आणि मी बघायचं." त्यांनी थोडा विचार केला आणि घरचं सोयाबीन बियाणं कसं तपासायचं ते विचारलं. ओल्या गोणपाटावर 100 दाणे ओळीनं ठेवून गुंडाळायचे, ओल टिकवायची, सहा-सात दिवसांनी कोंब आलेले मोजायचे. 70 किंवा जास्त उगवले तर बियाणं पेरण्याजोगं. आणि 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करायची नाही. हे सांगितल्यावरच आम्ही प्रार्थना केली. दाणे मोजणं हा अविश्वास नाही. यिर्मयानंही चांदी तोलून दिली होती.

याच्या उलट टोकाचीही एक गोष्ट आहे, आणि आपल्या भागात ती जिवावर बेतते. येशूला मंदिराच्या शिखरावर उभं करून सैतान म्हणाला की उडी टाक, देवदूत तुला झेलतील असं लिहिलेलं आहे. वचन खरंच लिहिलेलं आहे, 91व्या स्तोत्रात. सैतानानं खरं वचनच सांगितलं, पण चुकीच्या कामासाठी. येशूनं उडी मारली नाही. देवाची परीक्षा पाहू नको, हेही लिहिलेलं आहे, असं त्यानं उत्तर दिलं. वचनावर विश्वास आहे म्हणून क्षयरोगाच्या गोळ्या मध्येच बंद करणं, साखरेचं किंवा बीपीचं औषध फेकणं, कोणी सांगितलं म्हणून सावकाराकडून उचल घेऊन दान टाकणं, या सगळ्या त्या शिखरावरच्या उड्या आहेत. औषध घ्या आणि प्रार्थनाही करा. कर्जाचं पुनर्गठन होत असेल तर अर्ज करा, पीक विम्याची मुदत चुकवू नका.

रडण्याबद्दल थोडं. स्तोत्रसंहितेतली किती तरी स्तोत्रं "कुठवर, हे परमेश्वरा?" अशी आहेत. देवानं आपल्या पुस्तकात या तक्रारी ठेवल्या, वगळल्या नाहीत. म्हणून मंडळीत एखादा उभा राहून "माझ्यानं आता होत नाही" असं म्हणाला, तर त्याला लगेच गप्प करून आनंदाचं गीत सुरू करू नये.

एलीयाकडे बघा. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरलेला पाहणारा हा संदेष्टा. पुढं जिवाच्या भीतीनं रानात पळाला, झुडपाखाली बसला आणि आता मला मरू दे अशी विनवणी केली. देवानं त्याला प्रवचन दिलं नाही. झोपू दिलं. देवदूतानं उठवून भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू पुढं केला. खाऊन तो पुन्हा झोपला. दुसऱ्यांदा उठवून खायला दिलं, न खाता पुढची वाट तुला झेपणार नाही, असं त्याला सांगितलं. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या या मुलखात मला हा अध्याय प्रत्येक मंडळीत वाचला जावा असं वाटतं. घरातला माणूस बोलेनासा झाला, रात्र रात्र जागा राहतो, निरवानिरवीची भाषा करतो, तर फवारणीचं औषध त्याच्या हाताला लागणार नाही असं बंद करा, त्याला एकटं सोडू नका, आणि सरकारच्या टेलिमानस या मानसिक आधाराच्या सेवेला 14416 वर फोन करा. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तो माणूस विश्वासात कमी पडला असं कोणालाही म्हणू देऊ नका.

आणि भाकर कोणीतरी आणून द्यावी लागते. 1896-97च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या. उपासमारीनं मरणाच्या दारात पोचलेल्या मुली आणि विधवा त्यांनी शोधून काढल्या आणि आपल्याबरोबर नेल्या. केडगावचं मुक्ती मिशन या मुली-विधवांमुळे वाढलं. देव अनाथांचा पिता आहे, असं वचन शास्त्रात आहे. त्या मुलींपर्यंत ते पोचलं तेव्हा त्यांना समोर एक थकलेली बाई दिसली, आणि पोटात अन्न गेलं.

आपल्या मंडळ्यांमध्ये स्वयंपाकाला घेतलेल्या धान्यातून रोज एक मूठ बाजूला काढायची जुनी रीत होती. काही घरांत ती अजून चालू आहे. कापणीच्या सणाला ते धान्य वेदीपुढं येतं, त्याचा लिलाव होतो, पैसे मंडळीच्या खात्यात जातात. यंदा निदान त्यातलं थोडं लिलावाच्या आधीच वेगळं काढा, आणि ज्यांच्या वावरात काहीच आलं नाही त्यांच्या घरी अंधार पडल्यावर पोचवा, म्हणजे घेणाऱ्याला गावापुढं मान खाली घालावी लागणार नाही. घरात गेलात की हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या तिसऱ्या अध्यायाच्या गीताचा शेवट त्यांच्याबरोबर वाचा. अंजिराला फूल नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, अशी नावं घेत घेत ते गीत पुढं जातं, काहीही लपवत नाही.